जिंझूचा पहारा आणि भोपाळचा कचरा

१ जानेवारी २०२५ च्या रात्री भोपाळच्या बंद पडलेल्या युनियन कार्बाइड कारखान्याच्या फाटकातून बारा कंटेनर बाहेर पडले. मागे-पुढे पोलिसांच्या गाड्या, अग्निशामक दल आणि रुग्णवाहिका असा मोठा लवाजमा होता. सुमारे अडीचशे किलोमीटरचा रस्ता या ताफ्यासाठी मोकळा ठेवण्यात आला होता. कंटेनरांमध्ये ३३७ टन विषारी कचरा होता आणि तो धार जिल्ह्यातील पीथमपूरच्या भट्टीत जाळण्यासाठी चालला होता. ३० जून २०२५ पर्यंत तो जाळून संपला. डिसेंबर १९८४ च्या त्या काळरात्रीनंतर चाळीस वर्षे भिजत पडलेले घोंगडे एकदाचे निकालात निघाले, अशी भावना सर्वत्र व्यक्त झाली. ती स्वाभाविकही होती. मध्य प्रदेश उच्च न्यायालयाने ३ डिसेंबर २०२४ रोजी खडे बोल सुनावून चार आठवड्यांची मुदत घातली नसती, तर ते कंटेनर हलले असते की नाही याची शंकाच आहे.

पण जे जळाले ते नेमके काय होते, हा प्रश्न शांतपणे विचारला पाहिजे. कारखान्याच्या आवारात विखुरलेला कचरा २००५ च्या सुमारास गोळा करून तेथेच एका गोदामात ठेवण्यात आला होता. जळाला तो हा कचरा. ज्या जमिनीवरून तो उचलला, ती जमीन जागच्या जागीच आहे. राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेने, म्हणजेच नागपूरच्या नीरीने, २०१० मध्ये दिलेल्या अहवालात दूषित मातीचे प्रमाण सुमारे ११ लाख टन सांगितले होते. एका बाजूला ३३७ टन आणि दुसऱ्या बाजूला ११ लाख टन! कारखान्याचे सांडपाणी वाळवण्यासाठी १९७७ मध्ये बांधलेल्या तळ्यांची जागा वेगळीच. त्या मातीतून आणि तळ्यांतून झिरपलेल्या विषाने आसपासच्या वस्त्यांचे भूजल नासवले, आणि तेथील रहिवाशांना शुद्ध पाणी पुरवा असा आदेश २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला द्यावा लागला. कचरा हलवला गेला हे खरे, पण त्याने जागा शुद्ध झाली का?

हा प्रश्न केवळ भोपाळपुरता नाही. देशात अशा प्रकारे दूषित झालेल्या १०३ जागा केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने निश्चित केल्या असल्याचे आणि त्यांपैकी अवघ्या सात ठिकाणी शुद्धीकरणाचे काम सुरू झाल्याचे २०२५ मध्ये सांगण्यात आले. त्याच वर्षी जुलै महिन्यात केंद्र सरकारने दूषित जागांच्या व्यवस्थापनासाठी स्वतंत्र नियम अधिसूचित केले. स्वतंत्र भारतात या विषयावरची अशी ही पहिलीच सविस्तर नियमावली. म्हणजे देश आता या कामाला हात घालणार आहे. अशा वेळी हे काम जेथे खरोखर तडीस गेले, तेथे ते कशाच्या बळावर गेले, हे पाहणे अगत्याचे ठरते. त्यासाठी जपानच्या जिंझू नदीच्या काठी जावे लागेल.

वेदनेचेच नाव झाले

जपानच्या गिफू प्रांतातील डोंगरांत कामिओका नावाचे गाव आहे. तेथे शतकानुशतके खाणी होत्या. पूर्वी चांदीसाठी आणि पुढे शिसे व जस्तासाठी तेथील डोंगर पोखरला गेला. १८७४ मध्ये मित्सुई या बलाढ्य उद्योगघराण्याचा तेथे शिरकाव झाला आणि विसाव्या शतकाच्या प्रारंभापासून, विशेषतः युद्धांच्या काळात, जस्ताचे उत्पादन झपाट्याने वाढले. खाण आणि धातू गाळण्याचा कारखाना ताकाहारा नदीच्या काठी. ही नदी पुढे जिंझूला मिळते आणि जिंझू तोयामाच्या सुपीक मैदानातून वाहत समुद्राला जाते. जिंझू या नावातील पहिले चिन्ह ‘देव’ या अर्थाचे आहे. नदीला देवत्व देणारा समाज केवळ भारतातच आहे असे नाही. आणि केवळ देवत्व दिल्याने नदी वाचते असेही नाही, हे तेथेही सिद्ध झाले.

जस्ताच्या खनिजात कॅडमियम हा धातू मिसळलेला असतो. त्या काळी त्याला फारशी किंमत नव्हती. खनिज बारीक दळून जस्त काढून घेतले की उरलेला गाळ पाण्याबरोबर नदीत जाई. खाली मैदानातले शेतकरी तेच पाणी भातखाचरांत घेत आणि तेच पीत. पाटाचे पाणी जेथून खाचरात शिरते, त्या तोंडाशी भात खुरटतो हे शेतकऱ्यांच्या फार पूर्वीच लक्षात आले होते. पण पिकाचे नुकसान डोळ्यांना दिसते, शरीरातले दिसत नाही.

विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकापासून या गावांत एक विचित्र दुखणे दिसू लागले. बळी पडत त्या मुख्यतः प्रौढ स्त्रिया. शेतात राबलेल्या, अनेक बाळंतपणे झालेल्या. आधी कंबर आणि मांड्या दुखत, मग चालणे बदकासारखे होई, पुढे साध्या खोकल्यानेही बरगडी मोडे. शरीर आखडून उंची कमी होई. कॅडमियमने मूत्रपिंडाच्या सूक्ष्म नलिका निकामी होत, शरीरातील क्षार लघवीवाटे निघून जात आणि हाडे मऊ पडत. हे सगळे पुढे कळले. त्या वेळी घरोघरी अंथरुणाला खिळलेल्या त्या स्त्रियांच्या तोंडून एकच शब्द येई, ‘इताई, इताई’, म्हणजे ‘दुखतंय, दुखतंय’. १९५५ मध्ये वृत्तपत्रांतून हा शब्दच रोगाचे नाव म्हणून रूढ झाला. वैद्यकशास्त्राच्या आधी वेदनेनेच रोगाचे बारसे केले.

पाण्यात राहून माशाशी वैर

हागिनो नोबोरू नावाचा एक डॉक्टर १९४६ मध्ये युद्धावरून परतला आणि वडिलोपार्जित दवाखान्यात रुग्ण तपासू लागला. या रुग्णांची घरे त्याने नकाशावर मांडली, तेव्हा ती सारी जिंझूच्या पाण्यावर भिजणाऱ्या पट्ट्यातच येत होती. १९५७ मध्ये त्याने जाहीरपणे सांगितले की, या रोगाचे मूळ वरच्या खाणीत आहे. त्याची टवाळी झाली. प्रसिद्धीचा हव्यास, असा शिक्का बसला. शेतजमिनीचे अभ्यासक योशिओका किन-इची आणि ओकायामा विद्यापीठाचे कोबायाशी जुन यांनी पाण्याचे आणि ऊतींचे पृथक्करण करून त्याला साथ दिली आणि १९६१ पर्यंत बोट थेट कॅडमियमवर ठेवले गेले.

तरीही मित्सुईसारख्या घराण्याविरुद्ध उभे राहणे सोपे नव्हते. पाण्यात राहून माशाशी वैर कोण घेणार? ‘आमच्या गावात हा रोग आहे’ असे सांगितले तर तांदूळ कोण विकत घेईल आणि मुलीला कोण सून करून घेईल, ही भीती घरोघरी होती. रुग्ण लपवले जात. अशा परिस्थितीत १९६६ मध्ये कोमात्सु योशिहिसा यांच्या नेतृत्वाखाली गावकऱ्यांनी आपली संघटना उभी केली. ९ मार्च १९६८ रोजी दावा दाखल झाला. त्याच वर्षी ८ मे रोजी जपानच्या आरोग्य मंत्रालयाने हा रोग औद्योगिक प्रदूषणातून झाल्याचे मान्य केले. सरकारने अशी मान्यता दिलेला जपानमधील हा पहिलाच रोग.

कंपनीचा बचाव ठरावीक होता. कॅडमियमचा कण शरीरात जाऊन नेमका कसा आणि किती अपाय करतो हे आधी सिद्ध करा, असा तिचा आग्रह होता. न्यायालयाने तो मानला नाही. रोग कोठे आहे, कोठे नाही, कोणाला होतो आणि कोणाला होत नाही, या अभ्यासातून कार्यकारण पुरेसे सिद्ध होते, असा निर्णय ३० जून १९७१ रोजी आला. जपानमधील प्रदूषणाच्या चार मोठ्या खटल्यांपैकी गावकऱ्यांनी जिंकलेला हा पहिला. कंपनी अपिलात गेली आणि ९ ऑगस्ट १९७२ रोजी तेथेही हरली.

येथपर्यंतची कथा आपल्याला अपरिचित नाही. अन्याय, संघर्ष, न्यायालय आणि विजय, असा तिचा प्रवास आहे. अशा कथा आपल्याकडे येथेच संपतात. सत्कार होतात, पेढे वाटले जातात आणि कार्यकर्ते पुढच्या प्रश्नाकडे वळतात. जिंझूच्या कथेचे वेगळेपण मात्र निकालाच्या दुसऱ्या दिवशी सुरू होते.

तीन कागद

१० ऑगस्ट १९७२ रोजी गावकरी तोकियोत मित्सुईच्या मुख्यालयात जाऊन बसले आणि तीन कागदांवर सह्या घेऊनच उठले. पहिला कागद रुग्णांच्या नुकसानभरपाईचा. जे खटल्यात वादी नव्हते, त्यांनाही तो लागू होता. दुसरा कागद जमिनीचा. शेतीचे नुकसान आणि माती पूर्ववत करण्याचा खर्च यांची जबाबदारी त्यात होती. तिसरा कागद वरवर पाहता सर्वांत साधा, पण तोच सर्वांत मोलाचा ठरला. गावकऱ्यांना आवश्यक वाटेल तेव्हा, कोणत्याही वेळी, त्यांनी स्वतः निवडलेल्या तज्ज्ञांसह खाणीत आणि कारखान्यात प्रवेश करता येईल. सांडपाण्याचे नाले आणि कचऱ्याचे साठे तपासता येतील, नमुने घेता येतील. कंपनी मागितलेली माहिती देईल. आणि या सर्वाचा खर्च कंपनी सोसेल.

या कराराचे मर्म समजून घेतले पाहिजे. गावकऱ्यांनी ‘खाण बंद करा’ असे म्हटले नाही. ‘आम्हाला एकरकमी पैसे द्या आणि विषय मिटवा’ असेही म्हटले नाही. त्यांनी फाटकाची चावी मागितली. कंपनी चोर आहे असे गृहीत धरले नाही आणि ती साधू आहे असेही मानले नाही. आम्ही येऊन पाहू, एवढेच सांगितले.

आणि ते येऊन पाहत राहिले. नोव्हेंबर १९७२ मध्ये पहिली सामूहिक तपासणी झाली. तेव्हापासून दरवर्षी शेतकरी, वकील आणि विद्यापीठांतील संशोधक एकत्र जमून डोंगर चढू लागले. अर्ध्या शतकाहून अधिक काळ हा क्रम चालला आहे. प्रारंभीच्या वर्षांत कंपनीचे अधिकारी संशयाने पाहत, उत्तरे टाळत. हळूहळू प्रश्न नेमके होत गेले आणि उत्तरेही. विष केवळ कारखान्याच्या नळातून येत नाही, हे या तपासण्यांतूनच स्पष्ट होत गेले. खाणीच्या बोगद्यांतून पाझरणारे पाणी, डोंगरउतारावर दशकानुदशके टाकलेले दगड, कारखान्याखाली मुरलेले जुने सांडपाणी, धुराड्याचा धूर, अशा अनेक वाटा होत्या. प्रत्येक वाटेवर स्वतंत्र उपाय योजावा लागला. खाणीच्या आत स्वच्छ झऱ्याचे पाणी आणि खनिजाला लागून गढूळ झालेले पाणी वेगवेगळे वाहून नेण्याची व्यवस्था झाली, त्यामुळे शुद्ध करावे लागणारे पाणीच कमी झाले. उघड्या पडलेल्या उतारांवर झाडे लावली गेली. नदीतील कॅडमियम उतरत उतरत निसर्गतः असते त्या पातळीच्या जवळ आले.

गावकऱ्यांनी आपले एक सभागृह बांधले. त्याच्या नावाचा अर्थ ‘स्वच्छ प्रवाहाचे सभागृह’. लढ्याच्या स्मारकाला त्यांनी ध्येयाचे नाव दिले.

तेहतीस वर्षांची माती

पाणी वाहते, म्हणून ते तुलनेने लवकर शुद्ध होते. माती जागची हलत नाही. जिंझूच्या दोन्ही तीरांवर सुमारे १५०० हेक्टर जमीन दूषित म्हणून निश्चित झाली. प्रत्यक्ष काम १९७९ च्या सुमारास सुरू झाले आणि २०१२ मध्ये पूर्ण झाले. ८६३ हेक्टर जमीन पुन्हा शेतीयोग्य झाली. उरलेल्या जमिनीचा बराचसा भाग तोवर घरे, रस्ते आणि अन्य कामांकडे वळला होता. खर्च आला सुमारे ४० अब्ज येन.

काम कसे चालले तेही पाहण्यासारखे आहे. खाचरातली वरची दूषित माती काढून खोल पुरायची, तिच्यावर भाताची मुळे खाली जाऊ नयेत असा खडी-मुरमाचा घट्ट थर दाबून बसवायचा आणि त्यावर डोंगरातून आणलेली कोरी माती पसरायची. कोरी माती शुद्ध असते, पण सुपीक नसते. तिच्यात जीव यावा म्हणून शेतकऱ्यांना वर्षानुवर्षे खत घालावे लागले. मग भात पिकवायचा, दाणे तपासायचे आणि दाण्यातील कॅडमियम ठरलेल्या मर्यादेत आहे असे दिसले तरच ते खाचर मोकळे करायचे. एक एक खाचर करत ३३ वर्षे गेली. ज्यांनी करारावर सह्या केल्या, त्यांतील अनेकांनी शेवटचे खाचर पाहिले नाही. २०१० मध्ये कोमात्सुही गेले.

या साऱ्याला सोन्याचा मुलामा देण्याचे कारण नाही. जमिनीच्या खर्चात कंपनीचा वाटा ४० टक्क्यांहून किंचित कमी ठरला आणि उरलेला भार सरकारी तिजोरीवर, म्हणजे जनतेवर पडला. अधिकृतपणे रुग्ण ठरले ते सुमारे २०० च. मूत्रपिंडे बिघडलेले पण हाडे न मोडलेले कितीतरी लोक त्या व्याख्येबाहेर राहिले. १९७५ च्या सुमारास ‘रोगाचे कारण कॅडमियम नव्हेच’ असा सूर काही नियतकालिकांतून आणि राजकीय वर्तुळांतून पद्धतशीरपणे लावला गेला, आणि जिंकलेला खटला समाजाच्या मनात पुन्हा हरण्याची वेळ आली. तेव्हाही संघटना टिकली. १७ डिसेंबर २०१३ रोजी, म्हणजे निकालानंतर ४१ वर्षांनी, कंपनीने व्याख्येबाहेर राहिलेल्या बाधितांना प्रत्येकी सहा लाख येन देण्याचे मान्य केले आणि क्षमा मागितली. गावकऱ्यांनी ती स्वीकारली, पण तपासणीचा अधिकार सोडला नाही.

खाणकाम २००१ मध्ये थांबले. त्याच डोंगराच्या पोटात, हजार मीटर खोल, ५०,००० टन अतिशुद्ध पाण्याची टाकी आहे. विश्वातून येणाऱ्या न्यूट्रिनो कणांचा वेध तेथे घेतला जातो. कामिओकातील या संशोधनासाठी २००२ मध्ये कोशिबा मासातोशी आणि २०१५ मध्ये काजिता ताकाआकी यांना नोबेल पारितोषिक मिळाले. ज्या डोंगराने नदीत विष सोडले, त्याच्याच पाझराचे पाणी गाळून आज विज्ञानाची सेवा होते. तरीही उतारावरचे जुने दगड आणि गाळाचे बंधारे जागच्या जागी आहेत. पाऊस त्यांच्यावर दरवर्षी पडतो. म्हणून पहारा संपलेला नाही.

दुसरा करार

आता पुन्हा भोपाळकडे वळू. भोपाळचा कारखाना नदीकाठी नव्हता. तेथील विष जमिनीखालच्या पाण्यातून वाहते, एवढाच फरक. मूळ प्रश्न एकच आहे.

फेब्रुवारी १९८९ मध्ये भारत सरकार आणि युनियन कार्बाइड यांच्यात सर्वोच्च न्यायालयात तडजोड झाली. ४७ कोटी डॉलर ठरले. ही रक्कम किती अपुरी होती यावर आजवर पुष्कळ लिहिले गेले आहे. वाढीव भरपाईसाठी केंद्राने २०१० मध्ये दाखल केलेली याचिकाही १४ मार्च २०२३ रोजी फेटाळली गेली. पण रकमेच्या या चर्चेत एक गोष्ट झाकली जाते. त्या तडजोडीत मृत आणि जखमी यांची भरपाई होती, पण जमीन स्वच्छ करून देण्याचे बंधन नव्हते. वस्तीतील लोकांना आत जाऊन पाहण्याचा अधिकार तर कोणाच्या ध्यानीमनीही नव्हता. पुढे कंपनीने भारतातील आपला भाग विकला, १९९८ मध्ये जमीन राज्य सरकारकडे परत आली आणि २००१ मध्ये मूळ अमेरिकी कंपनी दुसऱ्या कंपनीच्या पोटात गेली. जबाबदारी कोणाची, हा प्रश्न विचारला की प्रत्येक जण दुसऱ्याकडे बोट दाखवू लागला. ११ लाख टन माती मात्र बोटे मोजत तेथेच पडून राहिली.

जिंझूच्या काठचे शेतकरी आणि भारताचे सरकार यांत बलवान कोण? तरीही शेतकऱ्यांचा करार भक्कम निघाला आणि एका सार्वभौम राष्ट्राचा करार दुबळा. कारण शेतकऱ्यांना त्या नदीकाठीच राहायचे होते. त्यांचा करार उद्याच्या पाण्याचा विचार करत होता. आपल्या करारातून आपण प्रकरण संपवत होतो. १९७२ च्या कागदाने एक अधिकार सुरू केला, १९८९ च्या कागदाने एक हिशेब मिटवला. ज्या राष्ट्राला आपल्या भूमीचा अभिमान आहे, त्याने परकीय कंपनीशी तडजोड करताना भूमीचाच विसर पडू द्यावा, यासारखी खंत नाही.

पीथमपूरची घटना याच विसराची पुढची पायरी होती. कंटेनर पोहोचताच, ३ जानेवारी २०२५ रोजी तेथे जनक्षोभ उसळला. पुढे न्यायालयाच्या देखरेखीखाली तीन टप्प्यांत चाचणी ज्वलन झाले आणि धुरातील घटक मर्यादेत असल्याचे प्रदूषण नियंत्रण मंडळाने सांगितले. ते खोटे मानण्याचे कारण नाही. पण पीथमपूरच्या रहिवाशांना निष्कर्ष ऐकवले गेले. त्यांनी निवडलेल्या तज्ज्ञाने नमुना घेतला असता तर विश्वासाचा प्रश्नच उरला नसता. शिवाय जाळण्यापूर्वी चुना मिसळावा लागतो, म्हणून राखेचे आणि अवशेषांचे वजन मूळ कचऱ्याहून अधिक भरले. ती राखही कोठे तरी पुरावी लागणार आणि तिच्यावर कोणाला तरी लक्ष ठेवावे लागणार. विष स्थलांतरित झाले की शहरवासीयांच्या दृष्टीने दृष्टिआड सृष्टी होते. ते जेथे जाते तेथे मात्र कोणाचे तरी घर असते.

काही आक्षेप

‘जपान श्रीमंत आहे, आपल्याला हे कसे परवडणार?’ असे विचारले जाईल. माती बदलणे महाग आहे यात संशय नाही. पण तपासणीचा अधिकार महाग नाही. वर्षातून काही दिवस, काही बाटल्या, एक प्रयोगशाळा आणि चार जाणकार माणसे यांना पैशापेक्षा सातत्य अधिक लागते. पहारा नसल्यामुळे जे बिघडते, ते दुरुस्त करणे मात्र खरोखरच परवडत नाही.

‘असे केले तर उद्योग येणार नाहीत’ हा दुसरा आक्षेप. करारानंतर कामिओकाची खाण आणखी २९ वर्षे चालली. धातू गाळण्याचा उद्योग तर खाणकाम थांबल्यानंतरही तेथे राहिला. उद्योग आणि नदी यांतून एकाची निवड करा, अशी मांडणी करणारे दोन्ही टोकांचे लोक समाजाची दिशाभूल करतात. देशाला कारखाने हवेत, रोजगार हवा. स्वतःच्या मुलाबाळांना विष न पाजता तो मिळवता येतो, हेच कामिओकाने दाखवले.

‘सामान्य माणसाला यातले शास्त्र काय कळते?’ हा तिसरा आणि सर्वांत घातक आक्षेप. खाचराच्या तोंडाशी भात खुरटतो हे प्रथम शेतकऱ्याला कळले होते, तज्ज्ञाला नव्हे. शेतकऱ्याने शास्त्रज्ञ व्हायचे नाही. आपला शास्त्रज्ञ निवडायचा आणि त्याच्याबरोबर उभे राहायचे.

चावी कोणाकडे?

जुलै २०२५ च्या नियमांचे स्वागतच केले पाहिजे. संशयित जागांची माहिती जिल्हा प्रशासनाने वेळोवेळी कळवायची, राज्य मंडळाने ठरावीक मुदतीत तपासणी करायची, तज्ज्ञ संस्थेने शुद्धीकरणाचा आराखडा करायचा आणि ज्याने दूषित केले त्याने खर्च सोसायचा, अशी त्यांची रचना आहे. दोषी सापडला नाही किंवा दिवाळखोर निघाला तर सरकारने भार उचलायचा आहे. रचना चांगली आहे. पण तिचा सारा भर प्रशासकीय यंत्रणेवर आहे. अधिकारी बदलतात, फायली एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जातात, मंडळांत पदे रिकामी राहतात. बदलत नाहीत ते काठावर राहणारे लोक. त्यांच्या हाती चावी देणारे, जिंझूच्या तिसऱ्या कागदासारखे कलम प्रत्येक शुद्धीकरण आराखड्यात आले, तरच हे नियम कागदावरून जमिनीवर उतरतील.

महाराष्ट्राला हा विषय दूरचा नाही. महाडच्या सावित्रीपासून लोट्याजवळच्या वाशिष्ठीपर्यंत, पाताळगंगेपासून उल्हासपर्यंत कोकणातील नद्यांच्या काठी रासायनिक कारखान्यांच्या वसाहती उभ्या आहेत. त्यांतील काही कारखाने बंद झाले, काही उद्या होतील. बंद कारखान्याचे फाटक गंजते, जमिनीला भाव येतो, फलक बदलतो आणि जुन्या जागेवर नव्या इमारतींची जाहिरात झळकते. खाली काय पुरले आहे हे विचारणारा कोणी नसतो. मालक हयात असताना, कारखान्याचे धुराडे चालू असताना हा प्रश्न विचारला पाहिजे. तो बंद पडल्यावर विचारणे म्हणजे वरातीमागून घोडे.

आपल्या तालुक्यातील संशयित जागांचा अहवाल ग्रामसभेत वाचला जावा, हा आग्रह कोणीही धरू शकतो. रसायनशास्त्राचा एक प्राध्यापक, एक डॉक्टर, एक वकील आणि नदीकाठचे चार शेतकरी एवढे लोक प्रत्येक तालुक्यात आहेत. ते एकत्र बसत नाहीत, एवढीच अडचण आहे. नदीची आरती करणारे हात पुष्कळ आहेत. आरतीनंतर त्याच घाटावर पाण्याची एक बाटली भरून, तिच्यावर तारीख घालून ती प्रयोगशाळेत नेणारे हात हवे आहेत. हीसुद्धा उपासनाच आहे, आणि कोणत्याही उपासनेप्रमाणे तिचे बळ नित्यतेत आहे.

एका दिवसाचा मोर्चा काढणे सोपे असते. दरवर्षी त्याच डोंगरावर चढून त्याच नाल्याचे पाणी तपासणे आणि आपल्यानंतर मुलाला तो नाला दाखवून ठेवणे कठीण असते. तोयामाच्या शेतकऱ्यांनी ते करून दाखवले. भोपाळमध्ये ११ लाख टन माती अजून वाट पाहते आहे. तिच्या शुद्धीचा आराखडा जेव्हा केव्हा होईल, तेव्हा पहिल्याच पानावर लिहिलेले असावे की फाटकाची एक चावी वस्तीकडे राहील.